भाड्याची बंदूक, आपला खांदा

(दौंडच्या अभ्यासवर्गात डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी केलेलं भाषण. मोबाईलवर टेप केलं होतं, त्यावरून उतरवून घेतलं. वक्त्यानं नंतर थोडा हात फिरवलाय.)



मला भाषणाची सवय नाही. गोदीत बोलायचं म्हंजे क्रेनच्या आवाजावर ओरडायचं असतं. आवाज चढला तर समजून घ्या, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. निदान सगळ्यांवर नाही.

पत्रकात विषय छापलाय, 'आधुनिक युद्ध आणि खाजगी लष्करी कंपन्या'. ते वाचून मघाशी दारात एकजण मला म्हणाला, कवी, दौंडात बसून हे कशाला? इथं कुरकुंभच्या कंपन्यांच्या पाण्याचं बोला, पोरांच्या भरतीचं बोला. त्याचं बरोबर आहे. मी भरतीचंच बोलणार आहे.

माझा मामेभाऊ इथलाच. तीन वर्षं पहाटे चारला उठून पळतोय. ह्या गावात राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, पाच नंबर आणि सात नंबर. लहानपणापासून पोरं ती परेड बघतात आणि पळायला लागतात. दौंडात रेल्वे नाहीतर वर्दी, तिसरं स्वप्न पोराला पडत नाही. तर हा पोलिसात दोन मार्कांनी गेला, अग्निवीरला मेडिकलला गेला. आणि गेल्या महिन्यात त्याच्या मोबाईलवर एक कागद आला. परदेशात 'सिक्युरिटी हेल्पर'. महिना दीड लाख. राहणं-खाणं कंपनीचं. दलालाला आधी सव्वादोन लाख द्यायचे. कागदाची दोन पानं इंग्रजीत, दोन पानं कुठल्या लिपीत ते मामाच्या घरात कुणालाच कळंना. मी मॅट्रिक, मलाही कळंना. त्याची प्रिंट माझ्या ह्या खिशात आहे. तिच्याकडं परत येतो.

आधी शिरूरला जाऊ. कारण अशा जातीचा एक कागद आपल्या मुलखात सव्वादोनशे वर्षांपूर्वी आला होता, आणि त्याची छावणी शिरूरला पडली होती.

१८०२ साली यशवंतराव होळकरानं हडपसरला पेशव्याची आणि शिंद्याची फौज मोडली. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला तो वसईला, इंग्रजांच्या आसऱ्याला. ३१ डिसेंबर १८०२ ला तिथं त्यानं तहावर सही केली. तहात काय होतं? पेशव्याच्या रक्षणाला कंपनी निदान सहा हजार पायदळ तोफखान्यासकट कायमचं पुरवील. त्याच्या खर्चापोटी पेशव्यानं वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. शाळेच्या पुस्तकात ह्याला तैनाती फौज म्हणतात. गोदीत ह्याला लेबर सप्लाय म्हणतात.

आणि पुरवणारी कोण? कंपनी. आपण 'कंपनी सरकार' म्हणून म्हणून विसरलोय की ती खरोखरीच कंपनी होती. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर तिचं हेड ऑफिस. शेअर, भागीदार, डिव्हिडंड, सगळं. मिरी आणि कापड विकायला निघालेली. एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा तिच्याकडं दोन लाखांच्या आसपास फौज होती. एका खाजगी कंपनीकडं. आज बातम्यांत ज्यांना खाजगी लष्करी कंपन्या म्हणतात, त्यांच्यातल्या मोठ्यात मोठीला एवढी फौज कधी जमलेली नाही. युद्धाचं खाजगीकरण हा एकविसाव्या शतकाचा शोध आहे असं जो विद्वान सांगतो, त्याला एकदा एसटीनं घोडनदीला पाठवा.

त्या फौजेचा एक कर्नल होता, विल्यम वॉलेस. १८०९ साली शिरूरला मेला. आजूबाजूच्या गावचे लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणून पुजायचे, सुगीचं पहिलं धान्य त्याच्या थडग्यापुढं ठेवायचे, असं जुन्या गॅझेटियरात लिहून ठेवलंय. ठेकेदाराच्या मॅनेजरचा देव झाला. हजेरीवरच्या शिपायाला आपल्यात कुणी नारळ फोडलेला मला माहीत नाही.

बरं, ह्या भाड्याच्या फौजेनं गिऱ्हाइकाचं काय केलं? जून १८१७ मध्ये पुण्याचा तह झाला. त्यात बाजीरावाला आणखी घोडदळाचा भार उचलायला लावला. त्यातून 'पूना ऑक्झिलरी हॉर्स' उभं राहिलं. शिवाय दापोडीला फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची एक पलटण होती, तिचा पगार पेशव्याच्या तिजोरीतनं व्हायचा. ५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. पेशवा आणि कंपनी समोरासमोर. फोर्डची पलटण दापोडीहून निघाली आणि कंपनीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आणि दोन महिन्यांनी कोरेगावात पेशव्याच्या फौजेवर जे घोडदळ चालून गेलं, ते हेच ऑक्झिलरी हॉर्स, त्याच्याच तहानं उभं राहिलेलं. पैसा पेशव्याचा, घोडा पेशव्यावर.

आता ती रात्र. कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. पुण्याला कर्नल बर होता, त्याला कुमक पाहिजे होती. बरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, साधारण पाचशे माणूस. अडीचशे-तीनशे घोडेस्वार. मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज आणि दोन तोफा. तारीख ३१ डिसेंबर १८१७. वसईचा तह ३१ डिसेंबरचा. आणि लंडनच्या राणीनं ह्या कंपनीला पहिली सनद दिली तीही ३१ डिसेंबर १६०० ला. ही तारीखच कंपनीची म्हणायची. आजही त्या रात्री पुण्यात दारूच्या कंपन्यांचा धंदा जोरात असतो, आणि आपली माणसं पोरं कडेवर घेऊन पेरण्याच्या रस्त्याला लागलेली असतात.

रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमाराला ही माणसं कोरेगावच्या शिवारात आली, तर भीमेच्या पलीकडं पेशव्याची फौज. वीस हजार घोडेस्वार, आठ हजार पायदळ असा अंदाज देतात. सगळी लढली नाही, दोनेक हजारांनी हल्ला केला. तो हल्ला करणारे कोण? अरब आणि गोसावी. अरब म्हंजे समुद्रापलीकडून पोटासाठी आलेले, पगारावर लढणारे शिपाई. तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या दरबारांत त्यांना मोठा भाव. म्हंजे कोरेगावच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी पगारी माणूस लढत होता. दिवसभर लढले. वर जानेवारीचं ऊन, समोर भीमा, आणि नदीवर जायची वाट बंद. पाण्याचा थेंब नाही. रात्री नऊच्या सुमाराला हल्ले थांबले. कंपनीच्या बाजूचे पावणेतीनशे माणूस मेले, जखमी झाले, नाहीसे झाले. पेशव्याची फौज पुढं दक्षिणेला निघून गेली. स्टाँटनही पुण्याला पोचला नाही, जखमी घेऊन शिरूरला माघारी आला. कोण जिंकलं ह्यावर अभ्यासक अजून भांडतात, भांडू द्या.

बाजीरावाचं काय झालं? जून १८१८ मध्ये तो माल्कमला शरण गेला. कंपनीनं त्याला वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन दिली आणि कानपूरजवळ बिठूरला नेऊन ठेवलं. हरलेल्या मालकाला आठ लाख. लढून मेलेल्या शिपायाला काय, तर दगडावर नाव.

तो दगड, तो स्तंभ, आपला. गाव कोरेगाव शिरूर तालुक्यात, स्तंभ नदीच्या अलीकडं पेरण्याच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. १८२१ साली पाया घातला. त्यावर कंपनीच्या मेलेल्या ४९ शिपायांची नावं आहेत, त्यात २२ नावांच्या शेवटी 'नाक'. ती आपली माणसं. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत, इतर आहेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपलीच काही पोरं बाकीची नावं वाचतच नाहीत.

आता इथं कुणीतरी म्हणणार, आणि टीव्हीवर तर रोजच म्हणतात, की तुमचे पूर्वज परक्यांचे भाडोत्री होते. मला ह्या शब्दाचं भय वाटत नाही. अरब भाडोत्री नव्हते? फोर्डची पलटण भाडोत्री नव्हती? दौलतराव शिंद्याची पलटणं घडवणारे फ्रेंच साहेब काय वारकरी होते? त्यांना कुणी भाडोत्री म्हणून हिणवत नाही. हा शब्द फक्त आपल्या दारात आणून टाकतात. ज्या राज्यात अस्पृश्याला पुण्याच्या रस्त्यावर गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं लागायचं असं बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, त्या राज्याशी इमान राखायचं कर्ज आपल्यावर कुठल्या सावकाराचं होतं? कंपनीनं बंदूक दिली, पगार दिला, रांगेत उभं केलं. त्या लष्करी छावण्यांतल्या शाळांतनं आपली पहिली पिढी अक्षर शिकली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते. हे खरं आहे आणि ते नाकारायचं काही कारण नाही.

पण दोस्तांनो, गोष्ट इथं थांबवली तर आपण स्वतःशीच लबाडी करू. स्तंभ कंपनीनं उभारला तो तुमच्या-माझ्यासाठी नाही. त्याच्या इंग्रजी मजकुरात ब्रिटिश फौजेचा अभिमान आहे, महाराच्या मुक्तीबद्दल अक्षर नाही. कंपनीला अस्पृश्यता मोडायची नव्हती, स्वस्तात टिकाऊ माणूस पाहिजे होता. आणि तो नको झाला तेव्हा तिच्या वारसांनी काय केलं? १८५८ ला कंपनीचं राज्य राणीकडं गेलं, फौजही गेली. पुढं साहेबाच्या डोक्यात 'लढाऊ जमाती'चं खूळ शिरलं. कोण जन्मानं शूर आणि कोण नाही ह्याची यादी केली, अगदी मनूच्या वळणावर. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद. पंचाहत्तर वर्षांपूर्वी कोरेगावात पाण्यावाचून लढलेली ही जात एका हुकमानं लढाऊ राहिली नाही.

ह्याच्याविरुद्ध पहिला अर्ज लिहिला गोपाळबाबा वलंगकरांनी, १८९४ साली. ते स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. मग पुण्याचे शिवराम जानबा कांबळे, त्यांनी १९१० साली थेट विलायतेच्या सरकारला अर्ज धाडला. पहिलं महायुद्ध अंगावर आलं, माणूस कमी पडला, तेव्हा १९१७ ला '१११ महार' पलटण काढली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी साहेबाच्या तोंडावर विचारलं, लष्कराचं दार आज तरी आम्हाला उघडं आहे का? उत्तर आलं दुसरं महायुद्ध पेटल्यावर. १९४१ ला महार रेजिमेंट. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

बघा हा हिशोब. गरज लागली की बोलवा, भागली की काढा. ह्याला आमच्याकडं बदली कामगार म्हणतात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या स्तंभापाशी उभे राहिले, आणि तिथनं पुढं तो स्तंभ कंपनीचा राहिला नाही. आपण तिथं जातो ते त्या बावीस जणांसाठी. त्यांना कामाला लावणाऱ्या ठेकेदारासाठी नाही. हे एवढं डोक्यात पक्कं धरा, म्हंजे पुढचं जे सांगतो ते कळेल.

आता आजचं. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी गोऱ्यांचं राज्य होतं, त्यांच्या फौजेतनं निघालेल्या माणसानं १९८९ साली एक कंपनी काढली, एक्झिक्युटिव्ह आउटकम्स. ती १९९३ पासून अंगोलात लढली, १९९५ ला सिएरा लिओनमध्ये. अधिकारी बहुतेक गोरे, शिपाई बरेचसे काळे. तिच्याशी नातं असलेल्या खाण कंपनीला सिएरा लिओनमध्ये हिऱ्याच्या खाणी मिळाल्या. वसईच्या तहात मुलूख तोडून दिला होता, इथं खाण.

मग अमेरिका. २००३ ला इराकवर गेली. सैन्याबरोबर ठेकेदारांची एवढी मोठी फौज गेली की पुढं पुढं वर्दीवाले आणि ठेकेवाले जवळजवळ बरोबरीला आले. अफगाणिस्तानात तर पुष्कळ वर्षं ठेकेवालेच जास्त होते. ही माणसं काय करायची? ट्रक चालवायची, भात शिजवायची, संडास धुवायची, दूतावासाच्या दारात उभी राहायची, साहेबाच्या गाडीपुढं बंदूक घेऊन पळायची. आणि त्यांना तिथल्या कायद्याचं भय नको म्हणून जून २००४ मध्ये अमेरिकेच्या प्रशासकानं हुकूम काढला, नंबर १७. इराकचा कायदा परदेशी ठेकेदाराला लागू नाही. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या माणसांनी भर रहदारीत गोळ्या घातल्या, १७ माणसं मारली. साधी माणसं, गाडीत बसलेली. खटला अमेरिकेत चालला, २०१४ ला चौघं दोषी ठरले, आणि डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्पनं चौघांनाही माफी दिली. आपल्याकडं अत्याचाराचा खटला कसा चालतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना ह्याचं आश्चर्य वाटणार नाही.

ह्याच ब्लॅकवॉटरच्या एका रक्षकामागं अमेरिकेच्या सरकारकडून दिवसाला १,२२२ डॉलर लावले जात होते, तिथल्या संसदेच्या समितीनंच हे काढलं. त्याच इराकमध्ये युगांडाहून आणलेला पहारेकरी महिनाभर उभा राहायचा आणि पुढं पुढं त्याला हजार डॉलरही मिळेनासे झाले. तीच बंदूक, तेच ऊन. भाव कातडीचा आणि पासपोर्टचा. जगाच्या युद्धातसुद्धा गावकुसाबाहेरची वस्ती असते, मित्रांनो.

सरकारांना हे का पाहिजे? शिपाई मेला की झेंड्यात गुंडाळून आणावा लागतो, त्याची आई टीव्हीवर दिसते, विरोधी पक्ष प्रश्न विचारतो. ठेक्याचा माणूस मेला तर तो कुणाचा? मुख्य ठेकेदार पोटठेकेदाराकडं बोट दाखवतो, पोटठेकेदार दलालाकडं, आणि दलालाचा फोन बंद. अमेरिकेच्या ब्राऊन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अंदाज केलाय की २००१ नंतरच्या ह्या युद्धांत अमेरिकेचे सात हजारांवर सैनिक मेले आणि ठेकेवाले आठ हजारांच्या आसपास. पण सैनिकांचा आकडा मोजून आहे, ठेकेवाल्यांचा अंदाजानं आहे. तिकडं १९४१ चा कायदा आहे, परदेशी तळावर मेलेल्या ठेका कामगाराच्या घरच्यांना विम्याचे पैसे मिळतात. म्हंजे विम्याचा दावा आला तर त्याचं मरण नोंदलं जातं. ज्याच्या बायकोला असा कायदा आहे हेच ठाऊक नाही, तिचा नवरा कागदावर मेलेलाच नाही.

नेपाळचे १२ तरुण २००४ साली जॉर्डनला हॉटेलात नोकरी म्हणून घरून निघाले. पोचले इराकमध्ये, अमेरिकेच्या तळाच्या वाटेवर. तिथं अतिरेक्यांनी पकडलं आणि ऑगस्टच्या शेवटाला बाराही मारले. हॉटेलात कामाला निघालेले.

कोरेगावच्या स्तंभावर निदान नाव कोरलं. त्या कंपनीपेक्षा आजची कंपनी पुढं गेलीय. तिनं दगडाचाही खर्च वाचवला.

रशियाचं तर सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंय. वॅग्नर, २०१४ ला उभी केली, प्रिगोझिन तिचा मालक. रशियाच्या कायद्यात भाडोत्री सैनिक होणं गुन्हा. सरकार म्हणायचं आमचा काही संबंध नाही. २०२२ मध्ये ह्यानं तुरुंगात जाऊन कैदी भरती केले, सहा महिने लढा, शिक्षा माफ. बाखमुतच्या लढाईत आपले वीस हजार मेले, त्यात निम्मे कैदी, असं मे २०२३ मध्ये तोच म्हणाला. मग जूनमध्ये तोच मालकावर उलटला. २४ जूनला रोस्तोव शहर ताब्यात घेतलं आणि मॉस्कोच्या वाटेवर निघाला. दापोडीच्या पलटणीची आठवण होते का? आणि त्यानंतर पुतिननं सांगून टाकलं की वर्षभरात ह्या कंपनीवर सरकारनं ८६ अब्ज रूबल खर्च केले होते. संबंध नसलेल्या कंपनीवर! २३ ऑगस्टला प्रिगोझिनचं विमान पडलं. त्याची बातमी जगभर झाली. बाखमुतच्या मातीतल्या त्या कैद्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

आता आपल्या पोरांकडं येतो. २०२४ च्या सुरुवातीला उघड झालं की हिंदुस्थानातली पोरं रशियाच्या फौजेत आघाडीवर आहेत. ही काही खाजगी कंपनी नव्हती, सरकारी फौजच होती. पण भरती केली दलालांनी, यूट्यूबवर व्हिडिओ टाकून. हेल्परचं काम, किचनमध्ये, गोडाऊनमध्ये, आघाडीपासून लांब. तिथं गेल्यावर पासपोर्ट काढून घेतले, थोडे दिवस बंदूक शिकवली आणि खंदकात. सीबीआयनं त्या मार्चमध्ये दलालांवर गुन्हे दाखल केले. परराष्ट्र खात्यानं जानेवारी २०२५ मध्ये आकडा दिला, १२६ प्रकरणं, ९६ परत आले, १२ मेले, १६ चा पत्ता नाही. मी ते वाचलं तेव्हा गोदीत रात्रपाळीला होतो. पत्ता नाही म्हंजे काय, हे मला ठाऊक आहे.

कसं ठाऊक आहे ते सांगतो. आमच्या टोळीत एकजण होता. नाव सांगत नाही, कंपनीचंही सांगत नाही. दोन वर्षांमागं पावसाळ्यात धक्क्यावर लोखंडाच्या पट्ट्यांचा गठ्ठा सुटला आणि त्याच्या मांडीवर आला. आम्ही उचलून गेटवर आणला. गेटवाला म्हणाला, पास कुणाच्या नावाचा? पास दुसऱ्याच्या नावाचा होता. सकाळी माणूस कमी पडला म्हणून मुकादमानं त्याला दुसऱ्याच्या पासावर आत घेतला होता. ठेकेदार म्हणाला, आमच्या हजेरीपटावर हा माणूस नाही. वरची कंपनी म्हणाली, आम्ही ठेकेदाराला ओळखतो, कामगाराला नाही. मांडीतनं रक्त वाहतंय आणि माणूस हजर नाही! आम्ही सगळे तिथं उभे होतो, त्याचं नाव घेऊन सांगत होतो की हा हाच आहे. आमचं बोलणं म्हंजे पुरावा नव्हता. आता तो गावी असतो, काठी घेऊन चालतो. पैसा मिळाला तो आम्ही काढलेल्या वर्गणीचा.

हे गोदीत, मुंबईत, शांततेच्या काळात. जिथं निदान कामगारांचे कायदे आहेत, युनियन आहे, गोदी कामगारांसाठी १९४८ ला कायदा झाला, माथाड्यांसाठी १९६९ ला झाला, खाजगी पहारेकऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९८१ ला झाला. ते सगळे लढून मिळवलेले, आणि तरी पासावरचं नाव चुकलं की माणूस गायब. मग ज्या मुलखात भाषा येत नाही, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात, आणि वरून तोफेचा मारा, तिथं तुमचं नाव कोण लिहून ठेवणार आहे?

आणि पकडला गेलात तर? जिनिव्हा कराराला १९७७ मध्ये जी जोड दिली, तिच्या ४७ व्या कलमात लिहिलंय की भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याचा हक्क नाही. भाडोत्री कोण ह्याची व्याख्या इतकी अरुंद केलीय की मोठ्या कंपन्या तिच्यातनं आरामात निसटतात. त्यांच्याकडं वकील आहेत. २००८ ला स्वित्झर्लंडमध्ये सतरा देशांनी मिळून एक दस्तऐवज केला, कंपन्यांनी कसं वागावं ह्याचा. तो कायद्यानं बंधनकारक नाही. म्हंजे सुभाषित.

आता हा कागद. [खिशातून काढतो.]

मी गोदीतल्या एका जहाजावरच्या खलाश्याला ही शेवटची दोन पानं दाखवली. त्याला ती लिपी वाचता येत होती. तो म्हणाला, इंग्रजीत जे लिहिलंय ते हे नाही. इंग्रजीत 'हेल्पर' आहे. इकडं कामाचं नावच नाही, लिहिलंय की वरिष्ठ देतील ते काम, देतील त्या जागी, एक वर्ष, मधे सोडता येणार नाही. मेल्यावर कुणाला कळवायचं, ती जागा मोकळी आहे. दलालाचा नोंदणी नंबर कुठंच नाही. परदेशी नोकरी लावणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्यानं सरकारकडं नोंद करावी लागते, आणि तीस हजार आणि वर टॅक्स ह्यापेक्षा जास्त पैसा घेता येत नाही. हा सव्वादोन लाख मागतोय. मामा त्यासाठी दीड एकरातलं अर्धं विकायला निघालाय.

आणखी एक गंमत ऐका. परदेशी जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराचे कागद सरकारी अधिकाऱ्यानं तपासावेत असा नियम आहे. पण दहावी पास असलात तर ती तपासणी नाही. मॅट्रिक झालेला म्हंजे शहाणा, स्वतःचं बघून घेईल. आपण शिका म्हणून शिकलो, दहावीपर्यंत रखडत पोचलो, आणि पोचलो तर सरकारनं आपल्यापुरतं दारच काढून टाकलं. मी ह्या कागदाची दोन पानं वाचू शकलो नाही, मी मॅट्रिक आहे.

मला कुणी असंही म्हणेल की मग पोरानं करायचं काय? रांजणगावच्या एमआयडीसीत गेटवर बारा तास उभं राहायचं, एजन्सीच्या नावाच्या शर्टात? अग्निवीर होऊन चार वर्षांनी शंभरातल्या पंचाहत्तरांत घरी यायचं, पेन्शनशिवाय? हा प्रश्न खोटा नाही. चार वर्षं बंदूक शिकून बाहेर पडलेली ही पंचविशीच्या आतली पोरं कुणाला हवी असतील, ह्याचा विचार दलालांनी आपल्या आधी केलेला असणार. माझ्याकडं नोकरी नाही द्यायला. मी स्वतः महिन्यात कधी अठरा दिवस भरतो, कधी बारा. मलाही दीड लाख ऐकून पोटात हललं होतं. दोन रात्री मी हिशोब केला. आईचं ऑपरेशन, बहिणीचं, खोलीचं डिपॉझिट. मग त्या हिशोबात मी ती मोकळी जागा धरली, मेल्यावर कुणाला कळवायचं ती.

परवा पेरण्याला जाऊ तेव्हा स्तंभावरची नावं वाचा. सगळी वाचा, ४९. आपल्यात ज्याला ज्याला असा कागद आलाय, त्यानं तो मंडळाच्या कपाटात आणून ठेवावा, आपण वाचून घेऊ, वकिलाला दाखवू, दलालाचा नंबर काढू, पोलिसात जाऊ. लाजायचं काही नाही. सही केली असेल तरी आणा. गेलेल्यांची नावं आपण आपल्याच वहीत लिहायला सुरुवात करू, कुठल्या गावचा, कुठल्या दलालानं नेला, कधी निघाला, शेवटचा फोन कधी आला. शिरूर आणि दौंड, दोन तालुके. पहिली वही मी आणलीय, दोनशे पानी.

माझा मामेभाऊ मागं खांबाला टेकून उभा आहे. मला सांगून आला नव्हता, मी आत्ताच बघितलं. दलालानं त्याला मंगळवारपर्यंत मुदत दिलीय. ये रे पुढं. हा तुझा कागद. आता तू बोल, मी बसतो.